एकटीचं घर

जुने सोफे नवे करून देणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार 'सोफावाले' म्हणूनच हाक मारायचा. दुकान एका शटरचं. आत लाकडी सांगाडे, फोमच्या लाद्या, रेक्झिनचे ताके. काम करताना बारीक खिळे तोंडात धरायची सवय, त्यामुळे ते बोलत कमी, आणि बोलले तरी ओठांच्या कोपऱ्यातून. त्या खिळ्यांना कारागीर 'चुका' म्हणतात. बायको म्हणायची, "यांच्या तोंडून कधी काही बाहेर पडलंच, तर त्या चुकाच!"

बायको म्हणजे हजरजबाबी बाई. कपड्यांच्या मोठ्या दुकानात काउंटरला होती. रुमाल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तिच्या हाती सापडलं की कोट घेऊन बाहेर पडायचं. मग सांध्यांचं दुखणं लागलं. आधी बोटं, मग गुडघे, मग कंबर. औषधं झाली, डॉक्टर बदलून झाले, आणि शेवटी ती दुकानामागच्या खोलीत पलंगाला खिळली. तिला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, कूस बदलणं, सगळं सोफावाल्यांकडे आलं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. दर तासाला हातातलं काम टाकून ते आत जात.

तिच्या भावाने एकदा डोळ्यांवर चढवायचा तो जाडजूड चष्मा आणून दिला. "ताई, पडल्या पडल्या बाजार फिर." चष्मा घातला की समोर एक अख्खं शहर उभं राहायचं, ज्यात नुसती दुकानंच दुकानं. कपडे अंगावर चढवून बघायचे, आरशासमोर गिरकी घ्यायची, आवडलं ते न्यायचं. राहायला घर मिळायचं, ते आपल्या हौसेने सजवायचं. हातातलं बटण तेवढं दाबता आलं पाहिजे. तेवढी ताकद तिच्या बोटांत अजून होती.

कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा फुलला.

"अहो, आज हिरवा झगा घेतला. पायघोळ. जिना उतरताना मागून कसा सळसळत येतो!"

"जिना कुठला?"

"माझ्या घराचा. सात खोल्या आहेत म्हटलं!"

सोफावाले हरखून गेले. आज काय घेतलं, हे रोज विचारू लागले. ती दिवे सांगायची, गालिचे सांगायची. त्यांच्यातला कारागीर मध्येच जागा व्हायचा. "पडद्याला अस्तर आहे का?"

"तिथल्या उन्हाने पडदे विटत नाहीत हो!"

तिथल्या एका खुर्चीचं ती फार कौतुक करायची. उंच पाठीची, मोहरीच्या रंगाची. तशीच खुर्ची तिच्यासाठी बनवायची असं त्यांनी गुपचूप ठरवलं, सांगाडा जोडला, कापडही कापलं. पाठीचा बाक मात्र नुसत्या ऐकण्यावरून जमेना. "मला दाखव ना तुझं घर," असं ते म्हणाले की ती म्हणायची, "अजून आवरलं नाहीये."

एकदा भाऊ तिला तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन गेला. सोफावाल्यांना एका हॉटेलची खुर्च्यांची ऑर्डर त्या दिवशी द्यायचीच होती, म्हणून ते मागे थांबले. खुर्च्या घेऊन टेम्पो गेला, हात रिकामे झाले, आणि त्यांनी तो चष्मा डोळ्यांवर चढवला.

समोर आरसा होता. आरशात त्यांची बायको उभी होती. हिरव्या झग्यात, ताठ, काउंटरला उभी राहायची तशी. त्यांनी हात उचलला, तर तिने उचलला. जरा वेळ त्यांना तिथून हलवेना.

मग ते खोल्यांतून फिरले. खुर्ची सापडली, बाक नीट कळला. आणि हळूहळू दुसरंही कळत गेलं. जेवणाच्या टेबलाला तेवढी एकच खुर्ची. गॅलरीतही एक. पलंगावर उशी एक. कपाट झग्यांनी गच्च भरलेलं. एखादा पुरुषी सदरा, दाराशी चपलांचा दुसरा जोड, भिंतीवर दोघांचा फोटो, असं काहीतरी असेल म्हणून त्यांनी सातही खोल्या पालथ्या घातल्या. कुठे काही नव्हतं.

संध्याकाळी तिला पलंगावर निजवताना, उशाशी जागा बदललेला चष्मा बघून तीच म्हणाली, "जाऊन आलात ना?"

"हो. दुसरी खुर्ची नाही गं कुठे?"

तिने नजर छताकडे वळवली.

"वाईट वाटून घेऊ नका. इथे उठायला तुम्ही, बसायला तुम्ही, पाठ खाजवायलाही तुम्ही. तुमचा हात लागल्याशिवाय माझं पानही हलत नाही. तिथे मला कुणी धरत नाही हो. तुम्ही तिथे आलात, की मी तिथेही आजारी होईन."

"बरोबर आहे," सोफावाले म्हणाले आणि पाणी आणायला उठले. मोहरी रंगाची खुर्ची त्यांनी तशीच पुरी करून एका गिऱ्हाइकाला देऊन टाकली.

पुढे तिच्या बोटांतली उरलीसुरली ताकदही गेली. बटण दाबलं जाईना. ती रडली नाही, पण जेवण अर्धं राहू लागलं. ते बघवेना म्हणून एक दिवस सोफावाले म्हणाले, "मी चष्मा घालतो. तू सांगशील ते घेतो."

थोडे दिवस तसं चाललं. ती पडल्या पडल्या सांगायची, सोफावाले चष्मा लावून खोलीच्या मध्यावर उभे.

"उशीचं कव्हर निळं आहे."

"कुठलं निळं?"

"निळं म्हणजे... निळंच की."

"अहो, जन्मभर कापड कापताय ना!" ती हसली. तिचं हसणं त्यांनी चष्म्याआडून नुसतं ऐकलं. त्यांना वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

पण एका दुपारी, ते तिच्यासाठी झगा निवडत असताना, ती म्हणाली, "बंद करा ते."

"आवडला नाही? दुसरा बघू."

"नको. आता तिथेही तुम्हीच चालताय."

चष्मा भाऊ परत घेऊन गेला. त्यानंतर तिने काही म्हणजे काही मागितलं नाही. कुठला गाऊन घालू, असं विचारलं की म्हणायची, "कुठलाही." महिनाभराने मात्र एक गोष्ट आपणहून बोलली. "केस कापून टाका. लहान करा. तुमचाही वेळ वाचेल."

त्यांनी "राहू दे" म्हणून बघितलं. ती नुसती मान फिरवून पडून राहिली. शेवटी त्यांनी दुकानातली कात्री आणली, उशीवर टॉवेल पसरला आणि केस कापले. पूर्वी नुसती वेणी घालतानाही दहादा बजावणारी ती, कापताना एकदाही 'सांभाळून' म्हणाली नाही.