पान उलटण्याआधीचे तीन श्वास

बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास शालनताईंच्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला, तेव्हा माझ्यासमोरच्या पडद्यावर एक सहा वर्षांची मुलगी बसथांब्यावर उभी होती. पाठीला दप्तर, एक मोजा घसरलेला. कंपनीची बस येऊन थांबली होती, दार उघडलं होतं, आणि आई त्यातून उतरते की नाही हे अजून दिसायचं होतं. "मेघना, आई गेली," प्रज्ञा म्हणाली. "सकाळी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि..." मी काय केलं असेल? आधी सेव्हचं बटण दाबलं आणि मग रडायला लागले. माझी मलाच लाज वाटली. पण शालनताईंना हे कळलं असतं तर त्या हसल्या असत्या. "काम करणारं माणूस आधी हातातला माल नीट खाली ठिवतंय, मंग रडतंय," हे त्यांचंच मत होतं.

शालनताई म्हणजे 'पुठ्ठ्याच्या गोष्टी' या आठ चित्रपुस्तकांच्या लेखिका. चित्रंही त्यांचीच. गेली दोन वर्षं पिंपळे सौदागरमधल्या आमच्या छोट्याशा स्टुडिओत त्या पुस्तकांची ॲनिमेशन मालिका तयार होत होती, एका पुस्तकाचा एक भाग. सात भाग तुमच्या मुलांनी टीव्हीवर पाहिले असतील. आठवा, 'आईची बस', अर्धा झाला होता.

त्या मूळच्या चऱ्होलीच्या. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगच्या तपासणीला त्या आयुष्यभर होत्या. पट्ट्यावरून माल यायचा, त्यांनी प्रत्येक जोड बोटांनी चाचपायचा आणि चुकीच्या मालाला लाल टॅग बांधायचा. शाळा सातवीपर्यंत. चित्रं काढायला कुणी शिकवलं नाही. प्रज्ञा लहान असताना माल ज्या खोक्यांतून यायचा त्यांचे टाकून दिलेले पुठ्ठे त्या साहेबांना विचारून घरी आणायच्या, सारख्या मापात कापायच्या, वायरनेच शिवायच्या आणि त्यावर रंगीत खडूंनी गोष्ट काढायच्या. कारखान्याच्या भोंग्याला घाबरणारी मुलगी, अकराव्या मजल्यावर राहायला गेलेली शेळी, सेफ्टी हेल्मेटमध्ये घरटं करणारा बुलबुल. आमच्याकडच्या मुलांच्या गोष्टींत तोवर राजे होते, राक्षस होते, पण शिफ्ट कुणालाच नव्हती.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. मी तिला न्यायला गेले होते आणि नेहमीप्रमाणे घाईत होते. एक ठेंगण्या, पिकल्या केसांच्या बाई सतरंजीवर मांडी घालून शेळीची गोष्ट सांगत होत्या. शेळी लिफ्टमध्ये शिरली, दार बंद झालं... आणि बाई थांबल्या. पानाचा खालचा कोपरा दोन बोटांत धरलेला, पण पान काही उलटेनात. मला वाटलं, विसरल्या बिचाऱ्या. एवढ्यात मुलांनी कालवा सुरू केला. ती गच्चीवर जाणार! ती बटणं खाणार! वॉचमन ओरडणार! माझी लाजाळू लेक, जी घरी पाहुणे आले की पडद्यामागे लपायची, ती उभी राहून म्हणाली, "तिला शी लागणार!" सगळे खो-खो हसले. बाईंनी तीन सावकाश श्वास घेतले, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "उलटू का?"

त्या एका प्रश्नावर माझा जीव जडला असं म्हटलं तरी चालेल. मालिका करायचं डोक्यात आलं ते तिथेच. वाहिनी मिळायला पुढे बराच काळ गेला, ते रडगाणं इथे गात नाही. ताईंनी होकार दिला, आणि अट एकच घातली. "रंग बदला, गाणी घाला, काय बी करा. पन पान उलटायच्या आदी पोरांस्नी इचारा." मी मान डोलावली. मान डोलावण्यात आम्ही दूरचित्रवाणीवाले पटाईत.

आणि मग मी तेच केलं जे करायला नको होतं. वाहिनीकडून आमची मालिका बघणारा अधिकारी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्याने पहिला भाग पाहून सांगितलं, "मॅडम, हे मधेमधे थांबतं ते काढा. पोरांचा अंगठा रिमोटवर असतो. दोन सेकंद काही हललं नाही की चॅनेल बदललंच म्हणून समजा." मी काढलं. ताईंना कळवलं नाही. त्यांना तंत्रातलं काय समजणार, असं मी मनात म्हटलं, आणि हे आज लिहिताना माझे कान गरम होत आहेत.

ताई भाग बघायला आल्या त्या डब्यात मासवडी घेऊन. स्टुडिओत एक लाल प्लास्टिकचं स्टूल आहे, त्यावर बसल्या. अकरा मिनिटं पाहिलं. "परत लाव," म्हणाल्या. परत पाहिलं.

"पान कुनी उलटलं?"

"ताई, टीव्हीत पान नसतं ना..."

"पान न्हाई तर पुढचं चित्र आलं कसं? कुनी तरी उलटलं असंल की." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू उलटलंस. पोराच्या हातातनं वढून घेतलंस, मेघना."

आवाज चढला नव्हता. मासवडी त्यांनी सगळ्यांना वाढली, मलाही वाढली. त्याच संध्याकाळी मी सगळ्या थांबण्याच्या जागा परत घातल्या आणि अधिकाऱ्याला न विचारता भाग पाठवून दिला.

भाग दुसऱ्या दिवशी परत आला. माणसाने नाही, यंत्राने परत पाठवला. प्रसारणाआधी वाहिनीचा संगणकच प्रत्येक भाग तपासतो. चित्र ठरावीक वेळेपेक्षा जास्त स्थिर राहिलं तर तो बिघाड समजतो. आमच्या सहाच्या सहा थांबण्यांवर शेरा होता: 'चित्र गोठले आहे.' मी हातपाय गाळून चऱ्होलीला फोन लावला. वाटलं, आता ताईही म्हणतील, जाऊ दे बाई. तर पलीकडून एकदम ताजातवाना आवाज. "परत आलाय व्हय? कागद कुठाय? कागद घिऊन ये."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाला लाल टॅग बांधणाऱ्या बाईच्या मालाला पहिल्यांदाच लाल टॅग लागला होता, आणि त्या खुशीत होत्या! चष्मा लावून त्यांनी तो अहवाल ओळ न् ओळ वाचला. "मशीनचं बराबर हाय," त्या म्हणाल्या. "रिजेक्ट झाल्यालं फेकायचं नसतं आन् भांडायचं बी नसतं. का रिजेक्ट झालं त्ये बघायचं. ही शेळी बग. थांबलीया का मेलीया, कसं वळकायचं मशीननं?"

"कसं ओळखायचं?"

"श्वासावरनं. मी थांबते तवा मी काय मरते व्हय? श्वास घेतीच की."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा त्या लाल स्टुलावर बसल्या. आमचा ॲनिमेटर इरफान समोर कॅमेरा लावून बसला. ताईंनी मांडीवर पुस्तक घेतलं, पानाचा कोपरा धरला आणि थांबल्या. एक श्वास, दोन, तीन. खांदा किती वर जातो, पदर किती हलतो, श्वास सोडताना मान कशी किंचित खाली येते, इरफानने सगळं टिपलं आणि शेळीच्या अंगावर तेच हलणं चढवलं. शेळी थांबली, पण जिवंत दिसायला लागली. यंत्राने भाग पास केला. अधिकारी कुरकुरला, पण आता त्याच्या हातात यंत्राच्या शेऱ्याचा कागद नव्हता. प्रसारणाच्या रविवारी आमच्या सोसायटीत समोरच्या घरातून, वरच्या घरातून, लिफ्टच्या बंद दारापाशी मुलांचं ओरडणं ऐकू आलं. मी ताईंना फोन करून फोनच खिडकीबाहेर धरला. पोरांचं ओरडणं थांबेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं. ठिव."

पुढच्या प्रत्येक भागासाठी ताई त्याच स्टुलावर बसल्या. भोंग्याला घाबरणारी मुलगी, बुलबुल, सगळे ताईंच्या श्वासावर थांबतात. तुम्ही पाहिलेल्या सात भागांत जिथे जिथे गोष्ट थांबते, तिथे त्या आहेत. सातव्याच्या वेळी इरफानने मला हळूच बाजूला बोलावलं. "दीदी, श्वास छोटे झालेत. तीन श्वास लवकर संपतात." हृदयाचं दुखणं त्यांनी आम्हाला सांगितलंच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्यात काय? पोरं आता शानी झाली. बिगीबिगी वळकत्यात."

शेवटची भेट चऱ्होलीच्या घरी झाली, जाण्याच्या आठ दिवस आधी. त्यांच्या घरासमोरच्या मळ्यात आता टॉवर उभे राहिले आहेत. खिडकीतून क्रेन दिसत होती आणि ताई तिच्याकडे बघत चहा पीत होत्या. 'आईची बस'मध्ये सगळ्यात लांब थांबायचं आहे, ते तुमच्या सवडीने घेऊ, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "आठव्याला मी न्हाई बसनार."

"का? दगदग होते का?"

"दगदग न्हाई गं. त्या गोष्टीत मी बसमदी हाय. वाट बगनारी येगळी."

मला वाटलं, थकल्यात, टाळतायत. बरं वाटलं की येतील, असं म्हणून मी विषय बदलला. पुढचं ऐकून न घेताच मी नेहमीच्या घाईत निघाले...

ताईंच्या पुण्यानुमोदनाचा दिवस झाला. बुद्धवंदना झाली, गाव लोटला होता, कारखान्यातल्या जुन्या बायका लांबलांबून आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वाहिनीच्या अधिकाऱ्याचा फोन. आवाजात खरं दुःख होतं, उगाच कशाला नाकारू. तो म्हणाला, शेवटचा भाग आपण श्रद्धांजली म्हणून दाखवू. "आणि मॅडम, ते जे थांबायचं आहे ना, बस आल्यावरचं, तिथे त्यांचे फोटो टाकू. मागे बासरी. लोक रडतील."

मी म्हणाले, "ती जागा मुलांची आहे."

"पण आता त्या नाहीत ना हरकत घ्यायला."

"मी आहे."

तो जरा कोरड्या आवाजात म्हणाला की असं असेल तर आठवा भाग घ्यायचा की नाही याचा विचार करावा लागेल, मालिका सात भागांवरही संपू शकते. दोन वर्षांपूर्वीची मी असते तर तिथल्या तिथे बासरी शोधायला लागले असते. मी सांगितलं, "खुशाल विचार करा. भाग तयार होईल तो ताईंच्या पुस्तकासारखा. तुम्ही घेतला नाहीत तर मी सोसायटी-सोसायटीत चादर बांधून दाखवीन." फोन ठेवला, आणि मागे फिरायची इच्छा एकदाही झाली नाही.

श्वास कुणाचा घ्यायचा, हा प्रश्न उरला होता. आधी मी बसून पाहिलं. इरफानने सभ्यपणे मान हलवली. मी अशी बसले होते म्हणे, जशी डॉक्टरकडे नंबर लावून बसतात. आणि तेव्हा ताईंचं वाक्य डोक्यात उजेड पडावा तसं आठवलं. वाट बघणारी वेगळी. मी प्रज्ञाला फोन लावला.

प्रज्ञा आता बेचाळीसची आहे, पुनावळ्याला राहते, बँकेत आहे. आईची फर्स्ट शिफ्ट असली की ती लहानपणी शाळा सुटल्यावर शेजारणीचा हात धरून थांब्यावर उभी राहायची आणि बसमधून उतरणाऱ्या बायका मोजायची. ती येताना पुठ्ठ्याचं मूळ पुस्तक घेऊन आली. वायरची शिवण, खडूचे रंग फिकट झालेले. सगळ्या पानांचे कोपरे मळलेले, पण बस थांबते त्या पानाचा कोपरा इतका झिजला होता की पुठ्ठा कापडासारखा मऊ पडला होता. ती स्टुलावर बसली. पुस्तक मांडीवर. कोपरा दोन बोटांत. "काय करू?" तिने विचारलं. मी म्हटलं, "काही नको. बस आली आहे. आई अजून दिसलेली नाही. थांब फक्त."

पहिला श्वास नीट आला. दुसरा मध्येच अडकला, खांदा वर गेला तो वरच राहिला. तिसरा सोडायला तिला इतका वेळ लागला की इरफानने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा घ्यायचं का, असं त्याला विचारायचं होतं. मी नाही म्हणून खूण केली. असला माल ताईंनी कधीच परत पाठवला नसता.

भाग पूर्ण झाला, गेला, यंत्राने एकही शेरा मारला नाही. अधिकाऱ्याचा निरोप चार दिवसांनी आला: जसा आहे तसा घेतो. त्याच्या घरी चार वर्षांचा मुलगा आहे, त्याने तो भाग त्याला दाखवला होता, एवढंच तो म्हणाला. मी जास्त विचारलं नाही.

गेल्या शनिवारी, प्रसारणाआधी, आम्ही तो ताईंच्या चऱ्होलीच्या घरात दाखवला. आळीतली आणि समोरच्या टॉवरमधली मिळून तीसेक पोरं खोलीत दाटीवाटीने बसली होती. बस आली. दार उघडलं. एकेक बाई उतरून गेली, थांबा रिकामा होत गेला, आणि मोजा घसरलेली ती मुलगी थांबली. एक जण ओरडला, "येणार!" दुसरी म्हणाली, "न्हाई येनार, ओव्हरटाइम आसंल!" लगेच तिच्यावर सगळे तुटून पडले. येणार, येणार, येणार! पडद्यावरचा खांदा वर गेला, तिथे अडकला, आणि सावकाश खाली आला. आई उतरली. पोरांनी घर डोक्यावर घेतलं.

मी प्रज्ञाकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून मागे बसली होती. पुठ्ठ्याचं पुस्तक तिच्या मांडीवर त्याच पानावर उघडं होतं आणि झिजलेला कोपरा दोन बोटांत धरलेला होता. भाग संपला, नावं वर सरकली, पोरं खाऊच्या ताटाकडे धावली, खोली रिकामी झाली. तिने पान उलटलं नव्हतं. मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि तिला घाई केली नाही.