कबुलीच्या खोक्यातला मेहुणा

कशेळीला मेहुण्याची तीन गोदामं आहेत. त्यामुळे जगातली कुठलीही इमारत दिसली की त्यात किती माल मावेल, हे तो आधी सांगतो. एका रविवारी त्याने माझ्या बायकोला आणि मला गाडीत घातलं आणि वसईकडच्या गावांतली जुनी चर्चं दाखवायला नेलं. दाखवायला म्हणजे फोटो काढायला. पहिल्या चर्चमध्ये छताकडे बघून म्हणाला, "हाइट बरी हाय." दुसऱ्यात तो गॉगलही न काढता वेदीच्या पायरीवर बसला.

तिसरं चर्च केळीच्या वाड्यांमध्ये होतं. सकाळची मिस्साची प्रार्थना संपून बराच वेळ झाला होता. कडेला पापकबुलीचं लाकडी खोकं होतं. त्यात फादरच्या जागेवर हा जाऊन बसला, पडदा ओढला आणि आतून म्हणाला, "दाजी, मी पडदा बाजूला केला का फोटो काढा."

मी मोबाइल धरून उभा. तेवढ्यात लाल लुगड्यातली एक म्हातारी आली आणि खोक्याच्या बाजूच्या जाळीपाशी गुडघे टेकून बोलायला लागली. "फादर, जाऊ आजारी व्हती. दोन घरं सोडून ऱ्हायची. मी बघायला गेले न्हाय. मंगळवारी ती गेली."

थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही. हा आता काय करतो ते मला बघायचं होतं.

"ठीक हाय, चालतंय. जावा," आतून आवाज आला.

म्हातारी उठली आणि तिनेच पडदा सारला. गॉगल, टी-शर्ट, दात काढून हसणारं तोंड. माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघून तिने विचारलं, "तुमी याच्याबरोबर हाय का?"

"नाही," मी म्हणालो.

बायको मागेच उभी होती. "हो. माझा भाऊ आहे तो, आणि हे माझे मिस्टर," ती म्हणाली. "चुकलं आमचं, मावशी." मग आम्हाला म्हणाली, "तुम्ही दोघं निघा. मी येईन बसने."

आम्ही निघालो. अंजूरफाट्यापर्यंत मेहुणा म्हातारीच्या आवाजाची नक्कल करत होता. त्याची मला किळस येत होती. तरी मी त्याच्याच गाडीत बसलो होतो, आणि एसी जरा वाढवायलाही मीच सांगितलं होतं.

बायको दिवेलागणीला घरी आली. तिथे म्हातारीशी काय बोलणं झालं, ते तिने मला सांगितलं नाही.