कॉम्प्युटरला हरवणारे हात

सिनेमात बुद्धिबळ आलं की अप्पा आधी पटाचा कोपरा बघायचे. खेळणाऱ्याच्या उजव्या हाताला पांढरं घर हवं. सिनेमात ते बहुतेक वेळा काळंच असायचं. त्यातून डाव कॉम्प्युटरशी असला तर विचारूच नका. लाल दिवे लुकलुकणार, यंत्र घोगऱ्या आवाजात धमकी देणार, हीरो क्षणभर डोळे मिटून एक सोंगटी सरकवणार आणि यंत्रातून धूर.

"इतका वेळ त्या कॉम्प्युटरला ती चाल दिसली नव्हती काय गं?" अप्पा हसत हसत मला विचारायचे.

अप्पा म्हैसूरजवळ बेळगोळच्या एका कारखान्यात फिटर होते. जेवणाच्या सुट्टीत खेळून खेळून ते एकदा जिल्ह्यात पहिले आले. मला त्यांनीच शिकवलं. आता मी म्हैसूरच्या दोन शाळांत बुद्धिबळ शिकवते.

काही वर्षांपूर्वी एका वेब सिरीजवाल्यांचा मला फोन आला. गोष्टीतला एक म्हातारा मास्तर कॉम्प्युटरशी खेळतो, तेवढ्यासाठी त्यांना सल्लागार हवा होता. शिवाय मास्तर झालेल्या नटाला सोंगटी नीट धरताही येत नव्हती. जवळून दिसणारे हात दुसऱ्या कुणाचे तरी हवे होते. मी म्हटलं, माझ्या वडिलांचे घ्या.

पुढचे तीन आठवडे अप्पांनी दुसरं काही केलं नाही. माझा लॅपटॉप घेऊन बसायचे, कॉम्प्युटरशी खेळायचे, हरायचे, वहीत चाली लिहायचे. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. कॉम्प्युटरकडे वजीर होता. अप्पांकडे एक हत्ती आणि थोडी प्यादी, राजाभोवती भिंतीसारखी.

"कोण जिंकतंय बघ."

पडद्यावरचा आकडा सांगत होता, कॉम्प्युटर जिंकतोय.

"आता येऊ दे त्याला आत."

कॉम्प्युटर वजीर इकडून तिकडे फिरवत राहिला. अप्पा हत्ती दोनच घरांत मागेपुढे करत होते. पन्नास चालींत कुणी काही मारलं नाही, प्यादंही हललं नाही, म्हणून नियमाने डाव बरोबरीत सुटला.

"त्याला हरवणं आता कुणालाच जमत नाही," अप्पा म्हणाले. "पण आपण हरायचं नाही, एवढं एखाद वेळी जमतं. जे खरं आहे ते दाखवू या. तेवढं पुरे."

मी दिग्दर्शकाला फोनवर सगळं समजावलं. "सुपर, मॅडम!" तो म्हणाला.

शूटिंगच्या दिवशी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, नखं कापून आले. टेबलावर पट मांडलेला होता, समोर यंत्राचा लोखंडी हात बसवला होता. पट चुकीचा होता, उजव्या हाताला काळं घर. अप्पांनी वाकून तो फिरवला, तशी एक मुलगी धावत आली. "अंकल, प्लीज! लायटिंग झालंय." तिने तो परत होता तसा केला.

मग दिग्दर्शक आला. बरोबरी प्रेक्षकांना कळणार नाही म्हणाला. मास्तर वजिराचा बळी देतील, पुढच्याच चालीला मात, यंत्राचा राजा आडवा.

अप्पांनी पटाकडे बघितलं. "वजीर दिला की त्याचा राजा तो खाऊन मोकळा होईल. मात कुठून होणार?"

"सर, दोन सेकंदांचा शॉट आहे."

"दोन सेकंदांचा असला म्हणून खोटी चाल करू?"

सगळे थांबले. दिग्दर्शक अप्पांशी बोलेना, माझ्याकडे बघायला लागला. पुढच्या भागातही बुद्धिबळ होतं आणि ते काम मला हवं होतं.

आम्ही घरी मराठीत बोलतो. त्या वेळी मी मुद्दाम कन्नडात बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. "सुम्मनिरी अप्पा." गप्प बसा.

अप्पा बसले. सांगितली ती चाल त्यांनी सहा वेळा केली, प्रत्येक वेळी सारखीच. सहाव्यांदा टाळ्या पडल्या.

सिरीज आली. शेवटच्या यादीत बुद्धिबळ सल्लागार म्हणून माझं नाव होतं. अप्पांचं कुठेच नव्हतं. आठवड्याभरात तो प्रसंग पालकांच्या ग्रुपवर फिरू लागला. कुणीतरी पटाच्या कोपऱ्याभोवती लाल गोल काढला होता, माझ्या नावाभोवतीही. खाली हसण्याची चित्रं.

मुख्याध्यापिकांनी मला बोलावून विचारलं. मी म्हणाले, "मी सेटवरच सांगितलं होतं त्यांना. पट चुकलाय, तिथे मात होत नाही, खोटी चाल करणार नाही. सगळं युनिट थांबवलं होतं मी." वाक्यं अप्पांची होती, शब्दसुद्धा त्यांचेच. मुख्याध्यापिकांना ते पटलं. शाळेत माझा मान उलट वाढलाच.

महिनाभराने एका विद्यार्थिनीचे वडील घरी आले. अप्पा दिवाणखान्यातच होते. ते गृहस्थ अप्पांना म्हणाले, "तुमच्या मुलीचं कौतुक वाटतं, सर. एवढ्या लोकांसमोर दिग्दर्शकाला तोंडावर बोलली म्हणे."

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले. अप्पांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"हो," ते म्हणाले, "बोलली ती. मी होतो ना तिथे."

त्यानंतर अप्पा माझ्याशी खेळायला बसलेले नाहीत. सुरुवातीला मी रोज विचारायचे. "डोळे दुखतात गं," म्हणायचे, आणि फोनवर कॉम्प्युटरशी खेळत राहायचे.

सिरीजच्या पुढच्या भागासाठी मला बोलावणं आलं. मी गेले. पट सेटवाल्यांनी जसा मांडला तसाच मी राहू दिला.