पडद्याकडे पाठ

वडिलांचा प्रोजेक्टर लहानपणी मी मोडला आणि नाव धाकट्या बहिणीचे सांगितले. वडिलांनी तिला पुन्हा त्याला हात लावू दिला नाही. ती इतकी लहान होती, की पुढे तिलाही ते खरे वाटू लागले.

परवा नांदेडच्या एका वृद्ध कारागिराने त्या प्रोजेक्टरचे मोडलेले दातेरी चाक पितळेत घडवून आणले आणि आमच्या घरी तो चालू केला. पूर्वी हे कारागीर जत्रेतल्या तंबूत सिनेमा दाखवीत. रीळ फिरू लागताच ते सवयीने पडद्याकडे पाठ करून बसले.

"म्या पिच्चर बघत न्हाई, बघनाऱ्याला बघतो."

पडद्यावर आमची दिवंगत आई अंगणात हसत उभी राहिली. लातूरहून आलेली बहीण डोळे पुसू लागली.

"मोडला कुनी होता वो?" त्यांनी विचारले.

"मीच, मामा," ती सहज म्हणाली.

"लई जबर हात हाय की, ताई!" ते हसले. मग त्यांची नजर माझ्यावर थांबली. "साहेब, माय तिकडं हाय. तुमी खाली काय बघून राहिले?"

मी मान वर केली.

"शोभा, तो मी मोडला होता. नाव तुझं सांगितलं. मला माफ कर."