तांबड्या दारूबरोबर सुकट

“गालिचा, गालिचा,” बटलर ओरडत होता, आणि त्याचा आवाज असा की वर घाटात ठाकूरवाडीला उभ्या असलेल्या इंजिनानं ती शिटी समजून उलट शिटी दिली. “साहेबाचा गालिचा आहे तो, बाबा. तुमचं अंगण नाही.”

काका शांत होते. विलायती खुर्चीवर मांडी घालून बसले होते. पिवळ्या दारूच्या पेल्यात त्यांनी बोट बुडवलं, एक थेंब गालिच्यावर सोडला आणि म्हणाले, “हा आज्याला.” मग दुसरा. “हा बापाला.” तिसरा थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना. चौथा माझ्या काकीला, जिनं हयातीत दारूचा वाससुद्धा घेतला नव्हता.

“ती घेयाची नाय,” काकांनी बटलरला समजावून सांगितलं, “पन तिला दिल्याबिगर मी कंदी काय खाल्लं नाय.”

आमच्या घरची रीतच तशी. दारू ओठाला लावायच्या आधी घरातल्या गेलेल्या माणसांना एकेक थेंब जमिनीवर द्यायचा. शेणानं सारवलेल्या जमिनीत तो थेंब दिसत नाही. साहेबाच्या गालिच्यावर मात्र माझे पणजोबा, आजोबा, वडील आणि काकी असे ओळीनं उमटले होते, आणि बटलर डोकं धरून त्यांच्याकडे बघत होता.

शेवटी आरडाओरडा ऐकून पारशी शेठ आतून आला. कर्जत स्टेशनावरची ती साहेबांची खानावळ चालवायचा मक्ता त्याच्याकडे होता. त्यानं गालिचा पाहिला, काकांकडे पाहिलं, आणि बटलरला म्हणाला, “परात आण नी. यांचे वडील लोक परातीत बसतील.” परात आली. काकांनी ती नीट न्याहाळली, पायाशी ओढून घेतली, आणि पूर्वजांची सोय झाल्यावर पहिला घोट घेतला.

आम्ही तिथे पोचलो कसे, ते सांगतो. घाट चढायच्या आधी गाडीला मागून दुसरं इंजिन लावायला कर्जतला थांबावं लागे, आणि तेवढ्या वेळात साहेब लोक शेठच्या खानावळीत जेवत. कुणी मोठा साहेब पाहुणे घेऊन येणार होता. त्याला हुक्की आली होती की जेवण इकडचं हवं आणि दारू विलायती, आणि कशाबरोबर काय हे शेठनं ठरवून ठेवावं. शेठला विलायती दारू कळायची, इकडचं जेवण कळायचं नाही. मी तिथेच मालधक्क्यावर कारकून. मी त्याला म्हणालो, शेठ, माझ्या काकांची जीभ तालुक्यात एकच. भाताचं शीत जिभेवर ठेवून ते सांगतात की हे भात कुठल्या ओढ्याच्या पाण्यावर वाढलं आणि मळणीच्या दिवशी घरधनी बायकोशी भांडला होता की नाही. यातला ओढा खरा आहे.

मग एका दुपारी, दोन गाड्यांच्या मधल्या निवांत वेळात, पोशीरहून काकांना घेऊन मी हजर झालो. जेवण माझ्या वहिनीनं घरून करून दिलं होतं: खेकड्यांचं कालवण, वालाचं बिरडं, सुकट आणि तांदळाच्या भाकरी. अन्न घरचं, त्यामुळे बाटायचा सवाल नाही, आणि दारूला जात नसते असं काकांचं मत होतं.

वहिनी म्हणजे काकांची सून. माझ्या चुलतभावाची बायको. मी त्याला दादा म्हणायचो.

घाट फोडायचं काम चालू होतं तेव्हा कापणीनंतर आमच्या गावची दहा माणसं टोपल्या वाहायला वर गेली. त्यात दादा होता. त्या साली कामावर पटकीची साथ आली. जे जगले ते वाट फुटेल तिकडे पळाले, आणि जे मेले त्यांना कुणी, कुठे, कशात जाळलं याचा पत्ता नाही. सात माणसं गावात परत आली. दादाला मरताना कुणी पाहिलं नव्हतं आणि पळतानाही पाहिलं नव्हतं.

काकीनं अन्न सोडलं. मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होतो आणि तोंडाचा पट्टा तेव्हापासूनच असा. तिनं दोन घास खावेत म्हणून मी म्हणालो, काकी, कर्जतच्या बाजारात एक मुकादम भेटला होता. तो सांगत होता की दादा वऱ्हाडात गेलाय, तिकडे नवी लाइन पडतेय, तिच्यावर आहे. काकी उठून बसली आणि अर्धी भाकरी खाल्ली.

त्यानंतर काकी जेवेनाशी झाली की मला मुकादम भेटायचा. पुढे काकी गेली, पण मुकादम काही जाईना. आता काका विचारायला लागले. बाजारातून आलो की बैल सोडायच्या आधी प्रश्न यायचा, “भेटला का रं मुकादम?” आणि मी सांगायचो. दादाला मी मिश्या दिल्या. मग टोळीचा म्होरक्या केला. एका साली पाऊस फार झाला आणि काका खचल्यासारखे वाटले, तेव्हा मी दादाकडून वाघ मारवला, नुसत्या पहारीनं. काका तो वाघ गावभर सांगत हिंडले. परत माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याचे दोन वाघ झाले होते.

वहिनी हे सगळं चुलीजवळून ऐकायची. एकदाच तिनं मला विचारलं, “भावजी, ते माज्याबद्दल कंदी काय इचारत नाय का मुकादमाला?”

मिश्या, वाघ, पहार, सगळं मला सुचलं होतं. हे सुचलं नव्हतं. मी म्हणालो, पुढच्या खेपेला विचारून घेतो.

पत्ता न लागलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग घरातल्या पुरुषांनी न्हाव्याकडून डोकी भादरून घ्यायची आणि पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. बारा वर्षं कधीच होऊन गेली होती. वहिनी अजून तिशीतच होती. खालापूरच्या बाजूचा एक बिजवर तिच्याशी पाट लावायला तयार होता. घरची शेती, दोन लहान मुलं, माणूस गरीब स्वभावाचा. वहिनीचा भाऊ दर वर्षी विचारायला यायचा. या खेपेला तो सांगून गेला होता की होळीपर्यंत काय ते कळवा, तो माणूस यापुढे थांबणार नाही. वहिनी हो म्हणाली होती, हे मला माझ्या बायकोकडून कळलं. पण काका एकच म्हणायचे, “जित्या मानसाला आग लावू काय मी?”

एका वाक्यात सुटण्यासारखं होतं. काका, मुकादम खोटा आहे. एवढंच म्हणायचं. ते वाक्य मी सकाळी डोक्यावरच्या पागोट्यात बांधून कामावर न्यायचो आणि संध्याकाळी तसंच परत आणायचो. माझ्यासारख्या माणसाला, ज्यानं आगीनगाडीला उल्हास नदी पोहून पार करायला लावली असती, तेवढं एक खरं वाक्य जड झालं होतं.

तर खानावळीत.

पिवळी दारू काकांनी खेकड्याच्या कालवणाबरोबर घेतली, डोळे मिटले आणि म्हणाले, “ही खेकड्याशी भांडत नाय. लिवून घ्या.” शेठनं लिहून घेतलं. मग तांबडी आली. परातीत पुन्हा चार थेंब पडले, आणि काकांनी तोंड असं केलं की बटलर एक पाऊल मागे सरला. “तुरट हाय. बिरड्याची गोडी हिला सांभाळंल.” शेठनं तेही लिहिलं. शेठ खूश, काका खूश, बटलरसुद्धा वाढता वाढता दोन खेकडे खाऊन बसला होता. मी मात्र तीन पेले पिऊन गप्प होतो. माझं गप्प बसणं हे नेहमी कुणाच्या तरी नुकसानीचं ठरतं.

शेठनं सुकटीचं भांडं उघडलं, वास घेतला आणि नाकाला रुमाल लावला. “हे कशाबरोबर चालेल?”

“तांबडीबरोबर,” मी म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं. “आमचा दादा वऱ्हाडात हेच खातो. मुकादमच सांगत होता. हप्त्याची सुट्टी आली की तांबडी दारू आणि सुकट. बोटं चाटून पुसून. टोळीतली माणसं हसतात त्याला, म्हणतात याला सुकट मिळाली नाही तर लाइन पुढे सरकायची नाही.”

काकांचा हात पेल्यावर थांबला.

“सुकट खातो?”

“ढीगभर.”

“कोन?”

“दादा.”

काका माझ्याकडे बघत राहिले, आणि तेव्हा मला कळलं मी काय बोललो ते. दादाला सुका मासा सोसत नव्हता. लहानपणापासून. वास आला तरी पोटात ढवळायचं. तो घरात असला की काकी सुकट मागच्या पडवीत भाजायची आणि मी मुद्दाम हाताला वास लावून त्याच्यामागे धावायचो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी विसरलो होतो. इतकी वर्षं मी ज्याला मिश्या लावत होतो, वाघ मारायला पाठवत होतो, तो कुणी दुसराच माणूस होता. त्याला वाढवता वाढवता मी माझा भाऊ पुसून टाकला होता. काकांनी तो तसाच ठेवला होता, सुकटीचा वास न सोसणारा.

मी सावरायला तोंड उघडलं. हवापाण्यानं आवड बदलते, असं काहीतरी म्हणणार होतो.

“बस,” काका म्हणाले. “लई झालं.”

ते मांडी मोडून उठले. तांबड्या दारूचा पेला हातात होता. पायाशी परात होती, ती ओलांडून ते दाराबाहेर गेले. बटलर परात उचलून त्यांच्यामागे दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. फलाटाच्या कडेला काका खाली वाकून बसले. समोर रूळ घाटाकडे गेलेले. त्यांनी पेल्यात बोट बुडवलं आणि एक थेंब खडीवर सोडला. या वेळी नाव घेतलं नाही. मग उरलेला पेला सगळा तिथेच ओतला.

परत येऊन ते खुर्चीवर बसले, या वेळी पाय खाली सोडून. “राह्यली कंची?” त्यांनी विचारलं.

शेठनं गोड काळपट दारूची बाटली पुढे केली. काकांनी एक घोट घेतला. “ही लई ग्वाड. हिच्या जोडीला काय नको. हिला एकटीला ऱ्हाऊ द्या.” आणि सुकटीचं विचारलं तेव्हा म्हणाले, “सुकट साहेबाला वाढूच नका.”

शेठनं सगळं लिहून घेतलं. त्याला काय झालं ते कळलं नव्हतं, पण हात जोडून तो आम्हाला फलाटाच्या टोकापर्यंत सोडायला आला.

नेरळपर्यंत आम्ही मालगाडीच्या ब्रेकच्या डब्यात बसून आलो आणि पुढे चालत. मोकळ्या भांड्यांचं गाठोडं माझ्या खांद्यावर वाजत होतं. काकांनी ते एकदा माझ्याकडून घेतलं, भांड्यांच्या मधे फडकं कोंबलं आणि परत दिलं.

पोशीरची शेतं लागल्यावर ते म्हणाले, “मुकादम व्हता का रं खरा?”

“नव्हता, काका.”

“पयल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

पुढचं शेत संपेपर्यंत ते बांधावरून माझ्यापुढे चालत राहिले. मला वाटलं, आता काठी बसेल. बसली असती तर बरं झालं असतं.

“मला कंदी कंदी वाटायचं,” ते म्हणाले. “पन तू सांगायचास चांगलं.”

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. काका गोठ्याकडे वळले आणि वैरण टाकायला लागले. बैलांपुढे आधीच वैरण होती. घरात सांगायचं काम त्यांनी माझ्यावर सोडलं होतं, हे मला कळलं.

वहिनी मागच्या दारी होती. मी गाठोडं तिच्यापुढे ठेवलं. ती एकेक भांडं काढून राखेनं घासायला लागली. मी एवढा बोलणारा माणूस. तिच्यासमोर उभा राहिलो आणि मला सुरुवात सापडेना. म्हणून शेवटच सांगितला.

“वहिनी, काकांनी आज दादाला थेंब दिला. मुकादम कधी नव्हताच. मी रचला होता.”

तिचा हात थांबला नाही. खेकड्याच्या कालवणाचं पातेलं तिनं आतून घासलं, बाहेरून घासलं, विसळलं आणि दगडावर पालथं घातलं. ती मला काय म्हणेल याची मी इतकी वर्षं मनात तयारी केली होती. शिव्या, शाप, रडणं, प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर होतं. ती उठली, हात पदराला पुसले, आणि कपाळावरच्या कुंकवाला हात लागणार नाही अशा बेतानं केस मागे सारले.

“सकाळी लवकर बोलवा न्हाव्याला,” ती म्हणाली. “उनं चढली की तो बाजारला जातो.”