मोजून माणूस आत सोडणारे नाना

धुळ्याच्या आगीच्या बंबावरचे नाना सगळं मोठ्याने मोजत. शिडीच्या पायऱ्या, पाइपाचे वेढे, पंगतीतले जवान. जवान मागून नक्कल करत. पण नाना मोजायचे थांबले की त्यांचेही पाय थांबत.

नरडाण्याच्या कारखान्यात पाइपांचे जोड पेटीतल्या गॅमा किरणांनी तपासणं माझं काम. बंबवाल्यांना किरणांपासून जपायचे नियम सांगायलाही मलाच पाठवलं. थोडा वेळ, लांब अंतर, मध्ये आडोसा. जास्त किरणं सोसायची ती फक्त जीव वाचवायला, तेही धोका समजून जो तयार होईल त्यानेच. तासाभराचं माझं बोलणं नानांनी एका वाक्यात आटोपलं, "जीवसाठे जासूत, खोकासाठे नही." वर म्हणाले, "कोनी किती सोसं, तो आकडा जवानना शे. त्याले समजालेच जोयजे." जवानाचा आकडा जवानाला कळलाच पाहिजे, एवढंच.

त्याच उन्हाळ्यात आमची जीप महामार्गावर उलटली. मी बाहेर फेकला गेलो, ड्रायव्हर आत अडकला आणि त्याच्यामागे किरणांची पेटी. नाना आले. "तुन्हं मशीन काय म्हणस?"

किरणं मोजायच्या माझ्या मशीनचा काटा शून्यावर होता. मशीनमधले सेल सकाळीच मी ट्रान्झिस्टरला लावले होते, मॅचसाठी. म्हणालो, "शून्य, नाना."

"ऱ्हावो शून्य. मी मोजसूच."

चौघे आपणहून पुढे झाले. साठ म्हटलं की एक मागे, दुसरा आत. एकजण पहार सोडेना, तर नानांनी कॉलर धरून ओढला, "तठे तुन्ही सासुरवाडी शे का?" ड्रायव्हर जिवंत निघाला. पेटीला नानांनी कुणाला हात लावू दिला नाही.

नाना ड्रायव्हरबरोबर दवाखान्यात गेल्यावर कंपनीचा तज्ज्ञ आला. पेटीतला किरणांचा तुकडा जागेवरून सरकला होता, किरणं बाहेर पडत होती. "जवान गेल्यावर जीप आणखी कलंडली, तेव्हा सरकला असेल," मी म्हणालो. चौघांच्या नोंदीत शून्य लिहिलं गेलं. नाना स्वतः चौघांच्या घरी जाऊन बायकांना सांगून आले, काळजी करू नका, शून्य आहे.

नाना अर्धांगवायूने गेले. त्यांना खरं सांगायचं राहून गेलं असं नाही, मी सांगितलं नाही.

कोण किती वेळ आत होता हे त्यांच्या मोजण्यामुळे पक्कं ठाऊक आहे. त्यावरून मी चौघांचा हिशेब मांडला. आकडे घाबरण्यासारखे नाहीत, पण शून्यही नाहीत. कागद घेऊन उद्या पहिल्या घरी जातोय. त्या माउलीने दार उघडलं की आधी एवढंच सांगायचं आहे: नाना तुमच्याशी खोटं बोलले नव्हते, खोटं मी त्यांच्याशी बोललो होतो.