रामहरीच्या कॅमेऱ्यावरची रेघ

केजच्या बसस्टँडसमोर माझं रंगाचं दुकान आहे. पूर्वी मी गाड्यांच्या नंबर प्लेटा रंगवायचो. आता त्या ठोकून तयार येतात, म्हणून मी ट्रॉलीच्या मागे 'आई-वडिलांची कृपा' लिहितो आणि खरचटलेल्या मोटरसायकली पुन्हा काळ्या करतो. शेजारी रामहरीचा फोटो स्टुडिओ आणि स्टुडिओच्या मागेच त्याचं घर. आमच्या मधे एक पत्रा आहे. त्यामुळे त्याच्या घरात काय चाललंय हे मला विचारावं लागत नाही.

रामहरीकडे एकच कॅमेरा, पंधरा वर्षांचा. आतून ठणठणीत. बाहेरून पाहिलं तर कुणी भंगारवालाही दोनदा विचार करील. चौसाळ्याला नवरदेवाच्या घोड्यानं पाडला तेव्हा एक कोपरा पांढरा पडला. दिंद्रुडच्या वरातीत ट्रॅक्टरला घासला, तिथला रंग उडाला तो उडालाच. बटणांच्या फटीत कितीतरी नवऱ्यांची हळद बसली होती. आणि मागच्या बाजूला, स्क्रीनच्या खाली, एक वाकडीतिकडी खोल रेघ होती. ती कशाची, हे रामहरी सांगत नसे. विचारलं की म्हणायचा, "आसंच."

यंदा भगवानरावांच्या धाकट्या मुलीचं, योगिताचं लग्न ठरलं. थोरल्या दोघींचे फोटो रामहरीनंच काढले होते. पण मधल्या काळात गावात पप्पू आला. पप्पूकडे दोन कॅमेरे आणि एक ड्रोन. भगवानरावांनी निरोप धाडला, "दसऱ्याला सोनं द्यायला येतो. कॅमेरा बघतो, मग सुपारी कुणाला द्यायची ते ठरवू."

भगवानराव म्हणजे काय, ते इथं सांगायला हवं. त्यांनी एकदा न्हावी बदलला. दिवाळीपर्यंत जुन्या न्हाव्याच्या खुर्चीवर मांजर झोपायला लागलं. तेव्हा हे लग्न गेलं तर तालुक्यातलं कुठलंच लग्न रामहरीकडे राहणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

अष्टमीच्या दुपारी तो कॅमेरा घेऊन माझ्याकडे आला. "अंगद, याला काळा कर बे."

मी म्हटलं, काळा म्हणजे कुठला? लोकांना वाटतं काळा हा एक रंग आहे. मोटरसायकलचा काळा चमकतो, तव्याचा काळा पांढुरका पडतो, छत्रीचा काळा हिरवट असतो. कॅमेऱ्याचा काळा चमकत नाही. मी डब्यात डबा ओतून तसा काळा बनवून दिला. मात्र हात लावला नाही. उद्या फोटो काळे आले तर माझं नाव नको. रामहरीनं काच, बटणं, स्क्रीन सगळं चिकटपट्टीनं झाकलं आणि बारीक ब्रशनं एकेक ओरखडा भरत बसला. ऑपरेशन चालल्यासारखा चेहरा.

स्क्रीनखालच्या रेघेपाशी त्याचा हात थांबला.

"ही राहू देऊ का?"

"रंगवायचं तर सगळं रंगव," मी म्हणालो. "नाहीतर तेवढीच डोळ्यात येईल."

त्यानं ती भरली. खोल होती, म्हणून तिथं दोनदा, चांगला जाड रंग दिला. मी बजावलं, दोन दिवस हात लावायचा नाही. त्यानं मान हलवली आणि कॅमेरा घरात फळीवर नेऊन ठेवला. बायकोला मात्र हे सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. या दिवशी ज्यानं त्यानं आपापल्या पोटापाण्याच्या हत्यारांची पूजा करायची. मी ब्रशांची केली. पत्र्यापलीकडे मंजुळावहिनींनी फळीवरचा कॅमेरा उतरवला, पाटावर ठेवला आणि दरवर्षीप्रमाणे वर मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं. झेंडूचं फूल वाहिलं. मग रामहरी अंघोळ करून आला आणि मला पत्र्यापलीकडून आवाज आला, "अगं, वला व्हता ना रंग!"

"मग तुमी बोलला कावून न्हाईत?" वहिनी म्हणाल्या.

फूल निघालं. कुंकू निघालं नाही. ते रंगात मुरून बसलं होतं. पुसावं तर काळं फाकायचं. मी पाहून सांगितलं, आता याला हात लावू नका. तज्ज्ञाकडे दुसरं काही सांगायला नसलं की तो हेच सांगतो.

दसऱ्याला भगवानराव आले. बरोबर योगिता. मीही आपट्याची पानं घेऊन तिथं हजर होतो, सहज. रामहरीनं कॅमेरा पुढे ठेवला. भगवानरावांनी काळी कुळकुळीत बॉडी पाहिली, वरचा लाल टिळा पाहिला. नव्या ट्रॅक्टरलाही आम्ही असाच टिळा लावतो.

"नवा घेतलास! पूजा बी केली. झ्याक केलंस, रामहरी."

रामहरीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पानांकडे पाहू लागलो. भगवानरावांनी खिशातून सुपारी काढली. एवढ्यात योगितानं कॅमेरा उचलला आणि उलटा करून मागची बाजू पाहिली.

"काका, तो कॅमेरा कुठंय?"

"कुठला गं?"

"माझावाला. रेघ असलेला. मला त्यानंच फोटो पाहिजेत." तिचा आवाज उतरला. "त्यो न्हाई तर मग पप्पूदादा काय आन् तुमी काय, सारखंच की."

रामहरीपुढे सरळ हिशेब होता. गप्प बसला तर सुपारी भगवानरावांच्या हातातच होती. पोरीचं कोण ऐकतंय? बोलला तर भगवानरावांना कळणार की आपल्याला जुनाच माल रंगवून दाखवला. मी त्याच्या जागी असतो तर गप्प बसलो असतो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण बसलो असतो.

रामहरीनं तिच्या हातातून कॅमेरा घेतला आणि अंगठ्याच्या नखानं स्क्रीनखाली खरवडायला सुरुवात केली. जाड रंग अजून कच्चाच होता. लोण्यासारखा निघाला. खालून वाकडी रेघ वर आली.

"त्योच हाय बाळा," तो म्हणाला. मग भगवानरावांकडे वळला. "आण्णा, नवा न्हाई. जुनाच हाय. मीच रंगवला."

भगवानरावांनी रेघेकडे पाहिलं, मग लेकीकडे. "ह्याच्यात तुझं काय?"

"आक्काच्या लग्नात मीच काढली ती," योगिता म्हणाली. "काका जेवायला बसले व्हते. समदे फोटो आक्काचेच काढत व्हते, माझा एक बी न्हाई. मंग साडीची पिन घेतली आन्... काकांनी पाह्यलं बी."

तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि कॅमेरा एका वर्षाचा.

"चौदा वर्सं झाली," भगवानराव रामहरीला म्हणाले. "मला कावून सांगितलं न्हाईस?"

"तुमी मारलं आसतं तिला, आण्णा. लग्नघर व्हतं."

भगवानरावांनी खरंच मारलं असतं. ते तसेच आहेत. त्यांनी हातातली सुपारी एकदा फिरवली आणि रामहरीच्या काळ्या झालेल्या हातावर ठेवली. "पप्पूचा ड्रोन वर उडू दे. खाली तू." दारात गेल्यावर पुन्हा वळून म्हणाले, "आन् ह्या पोरीचे फोटो जास्त काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी रामहरी उरलेला रंग घेऊन माझ्याकडे आला. उघडलेला डबा परत घेतला जाणार नाही, अशी पाटी मी स्वतः रंगवून दुकानात लावली आहे, चांगल्या ठळक अक्षरांत. मी डबा घेतला आणि आत ठेवून दिला.